जिन्याखालचा झाडू

आईचा जळमटं काढायचा लांब झाडू, उलटी घातलेली लोखंडी बादली आणि त्या बादलीवर उभा असलेला माझा धाकटा भाऊ. मला सगळ्यात आधी हे आठवतं. नागपूरच्या आमच्या घराची मागची बाजू. शाळा सुटून तासभर झालेला. मी कॉन्व्हेंटच्या निळ्या पिनाफोरमध्ये, चौदा वर्षांची, आणि वसंता दहा वर्षांचा. कुंपणाच्या खांबाला आम्ही बूड काढलेली टोपली बांधली होती. मी बॉल टाकायची आणि वसंता तो झाडू उंच धरून माझा बॉल अडवायचा. आमच्या शाळेत बास्केटबॉल शिकवणाऱ्या सिस्टर ॲग्नेस असंच करायच्या. हातात झाडू घेऊन टोपलीसमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "झाडूकडे नको बघू, मुली. टोपलीकडे बघ." मी घरी येऊन हे वसंताला सांगितलं आणि त्या दिवसापासून झाडू त्याच्या हाताला चिकटला.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, मोठ्या बहिणीच्या डोक्यावर झाडू धरतोस? लाज वाटते का काही?" आणि थोड्या वेळानं म्हणायची, "खेळ झाला की हात धुवा. आणि झाडू जागेवर ठेवा." बस. एवढंच. झाडू तिनं कधी काढून घेतला नाही.

आईनं जे कधी केलं नाही, ते मी केलं. मंडळी, आज मला तेच सांगायचंय.

वसंताला निरोप द्यायला तुम्ही एवढे सगळे आलात. लीड्समधला ऑगस्ट, उन्हाळा म्हणायचा, आणि बाहेर हा पाऊस. कुणी केंब्रिजहून पहाटे निघून आलंय, कुणी सुट्टी टाकून आलंय. मला उभं राहून बोलायची सवय नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात माझं आयुष्य गेलं, तिथं कुणी कुणाला बोलायला सांगत नाही. आणि या हॉलमध्ये बोलायचं काम नेहमी दुसऱ्यांचं, खुर्च्या मांडायचं काम वसंताचं. आज सकाळी कुणीतरी मला विचारलं, "ताई, रांगा किती करायच्या?" वसंतानं हा प्रश्न कधी कुणाला विचारलाच नव्हता.

तुमच्यातले बरेचजण त्याला वसंतकाका म्हणत. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासणारा, माझ्या घरात वरच्या खोलीत राहणारा, लग्न न केलेला माझा भाऊ. उंची पाच फूट सहा इंच. आणि हा माणूस जन्मभर विचार कुणाचा करत बसला? तर रिंगखाली उभ्या राहणाऱ्या सगळ्यात उंच खेळाडूचा. इथं त्याला बिग मॅन म्हणतात. जेवताना मीठ मागायचा तेही बिग मॅनचं बोलता बोलता. "ताई, उंच माणसाला सगळे म्हणतात, तुझं काय, हात वर केला की झालं. त्याला कुणी काही शिकवतच नाही गं. मीठ दे." शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मुलं, गुरुवारी मुली, आणि पुढं विद्यापीठाचा संघ. हे सगळं त्यानं हौसेनं केलं, आणि हौस म्हटली तरी एक दिवस चुकवला नाही.

ओंकार, तू शेवटच्या रांगेत बसलायस ना, भिंतीला टेकून? लहानपणापासून तिथंच बसतोस, मागच्यांना दिसावं म्हणून. नको, उठू नकोस. बसून ऐक, बाळा. हे तुझ्याबद्दलच आहे.

ओंकार म्हणजे आमच्या शुभांगीचा मुलगा. सहा फूट नऊ इंच. गणपतीत तोरण बांधायला आपल्या मंडळाला शिडी लागत नाही, ती याच्यामुळं. सतरा वर्षांचा असताना तो वसंताकडं शिकायला आला, तेव्हा थोडा बुटका होता, सहा फूट सहा. वसंता घरी आला आणि चप्पल न काढता स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ताई, त्याचे पाय बघायला ये. एवढा मोठा मुलगा आणि मांजरासारखा वळतो." त्या आनंदात तो माझा अंगणातला झाडू घेऊन गेला. लांब दांड्याचा, लाल केसांचा, इथं प्रत्येक घरामागं असतो तसला.

ओंकारपेक्षा उंच मुलगा सरावाला आणायचा कुठून? म्हणून झाडू. वसंता तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि ओंकारनं त्याच्यावरून बॉल टाकायचा. मुलांनी त्या झाडूचं नाव गोरान ठेवलं. युरोपातले उंच खेळाडू टीव्हीवर बघून ठेवलेलं नाव. ओंकार वैतागायचा, "काका, आज गोरान फारच फॉर्ममधे आहे!" आणि वसंता म्हणायचा, "गोरान थकत नाही, गोरान चिडत नाही आणि गोरानला तुझी दया येत नाही. टाक."

मग तो एक शनिवार आला. मीही तिथं होते. शुभांगी माझ्याशेजारी बाकावर बसली होती, पोह्यांचा डबा मांडीवर. ओंकार वळला, वसंतानं झाडू खाली आणला, दोघांचाही अंदाज चुकला आणि झाडूचे केस सरळ ओंकारच्या तोंडावर बसले. लागलं फारसं नाही. ओंकार हसला. बाकीची मुलं हसली. पलीकडं बसलेले दोन-तीन गोरे पालकही हसले. शुभांगी हसली नाही. ती उभी राहिली. पोह्यांचा डबा खाली पडला. ती म्हणाली, "माझ्या मुलाला झाडू मारता?"

इथल्या लोकांना कळलं नसेल की एवढं काय झालं. आपल्याला कळतं. आपल्याकडं झाडू तोंडाला लागणं म्हणजे काय, ते आपल्याला सांगावं लागत नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या. पण माझी आई केरसुणीला पाय लागला तरी नमस्कार करायला लावायची हो. आणि ती माझ्या पोराच्या तोंडाला? चार परक्या माणसांसमोर? मला झोप लागणार नाही."

मंडळी, तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. आईचं मन आहे ते. चुकलं माझं. कारण मला दोन्ही बाजू माहीत होत्या. माझ्याच शाळेतून, माझ्याच तोंडून तो झाडू वसंताकडं गेला होता. तो कशासाठी असतो, हे लीड्समध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एक वाक्य पुरलं असतं. "शुभांगी, झाडू माझ्याही डोक्यावर धरला होता गं, तोही एका सिस्टरनं." मी ते बोलले नाही. माझे मिस्टर गेले तेव्हा हीच शुभांगी महिनाभर माझ्या घरी राहिली होती. मला चहा करून पाजला, माझे केस विंचरले. तिला गमवायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी वसंताला म्हटलं, "पुरे झालं ते झाडूचं. बॅडमिंटनची रॅकेट धर हवी तर."

तो म्हणाला, "रॅकेट बुटकी पडते, ताई."

मी म्हटलं, "मग छत्री धर. पण झाडू नको. माझ्यासाठी."

माझ्यासाठी. हे मी म्हटलं आणि विषय संपला. वसंतानं जन्मात माझा शब्द मोडला नव्हता. त्यानं दोन शनिवार छत्री धरून पाहिली. ती उघडली, मुलं लोळून हसली, मग छत्रीही गेली. झाडू मी जिन्याखाली ठेवला, केर ओढायच्या हूव्हरच्या मागं. साडेतीन वर्षं तो तिथं होता.

त्या साडेतीन वर्षांत काय झालं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ओंकार विद्यापीठात गेला आणि वसंता त्याच्या संघाला शिकवू लागला. ओंकारनं एकामागून एक सामने जिंकले. आपण मिनीबस करून बघायला जायचो, थेपले काय, चिवडा काय. तो बॉल घेऊन वळायचा, वरून हलकेच टाकायचा आणि आपण ओरडायचो. पण एक गोष्ट तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली, कारण मी घरी त्याच्यासमोर जेवायला बसायची. ओंकारचे गुण वाढत गेले, तसतसा वसंता गप्प होत गेला.

गेल्या फेब्रुवारीतला एक सामना आठवतोय? मैत्रीचा सामना, त्याला नंतर कुणी मोजलंही नाही. पाहुण्यांच्या संघात एक निवृत्त खेळाडू होता, पूर्वी युरोपात व्यावसायिक क्लबांकडून खेळलेला. वय चाळीसच्या पुढं, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, धावतानाही लंगडायचा. पण ओंकारपेक्षा दोन इंच उंच. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं ओंकारचा बॉल चार वेळा हवेतच अडवला. उडीसुद्धा मारली नाही त्यानं. नुसता हात वर केला. आपण परत येताना मिनीबसमध्ये काय म्हणालो? रेफ्री बरोबर नव्हता. ओंकारला सर्दी होती. एकेक दिवस असतो असा.

सामन्यानंतर तो लंगडा माणूस वसंताजवळ आला होता. हसून हात मिळवला आणि विचारलं, "मुलगा छान आहे तुमचा. सरावाला याच्यासमोर कोण असतं?"

वसंता घरी येऊन जेवला नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, त्या माणसानं बरोबर विचारलं. कोण असतं ओंकारसमोर? कुणीच नसतं." मग म्हणाला, "बॉल हातात आला की तो खाली आणतो. कमरेपर्यंत. मग वर नेतो, तेवढ्यात उंच माणसाचा हात मधे येतो. ही सवय झाडू असता तर आठवड्यात मोडली असती. इथं चालून जातं, कारण इथं वर कुणी नाहीच. तिथं वर गर्दी असेल."

मी विचारलं, "तिथं म्हणजे कुठं?"

"जिथं सगळे त्याला पाठवायला निघालेत तिथं."

गिरीशनं डीव्हीडी केली होती ना. गिरीश, तुझ्यावर राग नाही रे, तू प्रेमानं केलीस. ओंकारचे सगळे उत्तम बास्केट, मागं संगीत, शेवटी विद्यापीठाचा चषक. ती स्पेनमधल्या एका व्यावसायिक क्लबाकडं गेली. फेब्रुवारीचा तो सामना तिच्यात नव्हता. कसा असेल? उन्हाळ्यात तिथून पत्र आलं, सप्टेंबरपासून सहा आठवडे येऊन राहा, आम्ही पाहू आणि ठरवू. याच हॉलमध्ये पेढे वाटले आपण. ओंकारनं केंब्रिजच्या कंपनीतल्या नोकरीला नाही म्हणून कळवलं. लोक वसंताच्या पाठीवर थाप मारत होते, "काका, तुमचा पोरगा प्रोफेशनल होणार!" तो हसत होता. मी त्याला ओळखते. डॉक्टरांकडं वाईट रिपोर्ट पाठवताना लॅबमधला माणूस जसा नीट, सभ्य हसतो, तसं ते हसणं होतं.

त्या आठवड्यात त्यानं ती डीव्हीडी माझ्यासमोर लावली. म्हणाला, "ओंकारकडं बघू नकोस. त्याच्यासमोर कोण आहे ते बघ." मी पाहिलं. एकेका बास्केटला पाहिलं. मंडळी, तुमच्या घरी ती असेल, तुम्हीही बघा. ओंकारच्या हाताच्या वर कुणाचाच हात नाही. पूर्ण डीव्हीडीभर नाही.

तो म्हणाला, "पाय त्याच्याबरोबर जातील. पास जाईल. डोकं जाईल, पोरगा हुशार आहे. शॉट नाही जाणार. शॉट इथंच राहील, या छोट्या मुलांच्या डोक्यावर. आणि त्यांनी त्याला बोलावलंय ते शॉट बघून." मग त्यानं विचारलं, लहान मुलानं विचारावं तसं, "ताई, झाडू काढू का परत?"

आणि मी काय म्हणाले? हे मला आज तुमच्यासमोर म्हणायलाच हवं. मी म्हणाले, "आता? पत्र हातात आल्यावर? त्याचा कॉन्फिडन्स घालवशील. शुभांगीला काय तोंड दाखवू मी?" तो म्हणाला, "बरं." परत विचारलं नाही.

जुलैत त्याला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. तुम्ही सगळे भेटायला येत होता, फळं आणत होता. ओंकार रोज यायचा आणि त्याच्या बिछान्याशी वाकून बोलायचा, "काका, माझी फ्लाईट बुक झाली. तुम्ही बरं व्हा आणि माझी पहिली मॅच बघायला या." वसंता त्याच्याकडं नुसता बघत राहायचा. एका दुपारी ओंकार गेल्यावर त्यानं डावा हात सरळ वर केला. बोटं पसरलेली, कोपर ताठ, हात खाली घेतच नाही. नर्सला वाटलं, त्याला फळीवरचं काहीतरी हवंय. तिनं पाणी दिलं, चष्मा दिला. मला कळलं. पन्नास वर्षांपूर्वी बादलीवर उभा राहून त्यानं हात असाच धरला होता.

त्यानं विचारलं, "कुठंय?"

मी म्हटलं, "जिन्याखाली आहे रे. टाकला नाही मी."

"काढ." आणि थोड्या वेळानं, अडखळत, पण एकेक शब्द स्पष्ट, "तिसऱ्या आठवड्यात कळेल त्यांना, ताई. पहिले दोन आठवडे पायांवर निघतील. मग कळेल. आणि तेव्हा तो परक्या गावात एकटा असेल."

माझ्याशी तो बोलला ते एवढंच. दोन दिवसांनी तो गेला. खेळाडूची एवढी काळजी करणारा माणूस स्वतःबद्दल एक शब्द न बोलता गेला.

त्याचं सगळं उरकल्यावर मी जिन्याखाली वाकले आणि झाडू काढला. लाल केस एका बाजूला दबलेले. दांड्यावर वसंतानं लावलेली पांढरी चिकटपट्टी होती, तिच्यावर पेनानं खुणा, कुठं धरला की गोरान किती उंच होतो त्याच्या. सात फूट. सात फूट एक. सात फूट तीन. सगळ्यात मोठ्या आकड्यापाशी लिहिलं होतं, "पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष मी येऊ दिलं नाही.

काल मी शुभांगीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मग हे मी काय करून बसले हो?" मी म्हटलं, तू नाही गं, मी. ती म्हणाली, "उद्या सांगा सगळ्यांसमोर. ओंकारला माझ्या तोंडून सांगवणार नाही." म्हणून सांगितलं. शुभांगीच्या परवानगीनं.

ओंकार, बाळा, तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. वसंताही म्हणाला नव्हता. पण तू विमानात बसशील तेव्हा तुला माहीत असायला हवं की तिथं तुझ्यासमोर कोण असणार आहे. आजपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्यासमोरची जागा रिकामी ठेवली. टाळ्या वाजवून रिकामी ठेवली. आता ती भरेल. सगळीकडून भरेल. तिथं एक गोरान नसेल, डझनभर असतील, आणि वसंता सांगायचा तसं, त्यांना तुझी दया येणार नाही.

तुझं विमान सोमवारी आहे, म्हणजे आजपासून नऊ दिवस. साडेतीन वर्षांचं काम नऊ दिवसांत होतं का? वसंता असता तर मान हलवून म्हणाला असता, "नाही होत." आणि म्हणता म्हणता बूट घालायला लागला असता. शाळेच्या हॉलची चावी मी केअरटेकरकडून मागून घेतलीय. रोज सकाळी नऊ ते अकरा.

आता वसंताच्या वस्तूंबद्दल सांगते. फार नाहीत.

त्याची शिट्टी गुरुवारच्या मुलींना. ती फोटोपुढं किंवा काचेच्या कपाटात ठेवायची नाही. ती वाजली पाहिजे.

त्याचा जाड करडा कोट या हॉलच्या केअरटेकरला. दर कार्यक्रमाला दोघं मागच्या दाराशी गप्पा मारत उभे राहायचे, आणि त्या दोघांतला एकच माणूस उबेत असायचा.

वह्या गिरीशला. सात आहेत, निळ्या. गिरीश, तुझ्या डीव्हीडीत ओंकारचे आत गेलेले सगळे बॉल आहेत. या वह्यांत न गेलेले आहेत, एकूण एक, का गेले नाहीत त्यासह. ओंकारला देवनागरी वाचता येत नाही. तू समोर बसून वाचून दाखव. काही गाळू नकोस. आणि मागं संगीत लावू नकोस.

यानंतर आपण दोन मिनिटं उभे राहू. ओंकार, तूही ताठ उभा राहा. आज मागच्या कुणाला दिसलं नाही तरी चालेल. वसंतासाठी शांत राहू, आणि त्या शांततेत प्रत्येकानं आठवावं की कुणाच्या प्रेमापोटी कुणाला काय सांगायचं आपलं राहून गेलंय.

आणि एक राहिलं. झाडू मी आणलाय. दाराशी उभा केलाय, धुऊन, पुसून. तो ओंकारला नाही.

शुभांगी, तो तुला. हे मात्र मी तुला काल सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी नऊ वाजता तुझ्या मुलाच्या डोक्यावर तो तू धरायचास. केस तोंडाला लागले तर लागू देत. आमच्या आईनं सांगितलं होतं तसं, खेळ झाला की हात धुवा. माझ्या स्वयंपाकघरातली छोटी शिडीही आणलीय, तीही ने.

तुझा हात पुरणार नाही.